उभ्या मोटारीची जागा

कार शेअरिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत मोटार एका कुटुंबाच्या मालकीची नसते. ती एखाद्या सहकारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या मालकीची असते, वस्तीतल्या ठरलेल्या जागी उभी असते, आणि नोंदणी केलेला सभासद ती तासाच्या व किलोमीटरच्या दराने आगाऊ राखून ठेवतो, स्वतः चालवतो आणि काम झाल्यावर बहुधा त्याच जागी परत आणून लावतो. भाड्याची मोटार दिवसाच्या हिशेबाने, प्रत्येक वेळी नव्याने कागदपत्रे करून घ्यावी लागते. ही मात्र एकदा सभासद झाल्यावर तासाभरासाठीही घेता येते. कारपूलिंगहूनही ही व्यवस्था निराळी आहे, कारण कारपूलिंगमध्ये एकाच प्रवासात निरनिराळी माणसे एका गाडीत बसतात, तर येथे एकच गाडी एकापाठोपाठ एक निरनिराळ्या कुटुंबांच्या हाती जाते.

पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. एक नगररचनाकार आहे. शहराची जमीन कशासाठी वापरली जाते याचा विचार करणे हा तिचा व्यवसाय. दुसरे पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव आहेत, आणि पार्किंगच्या तक्रारींचा निपटारा करण्यात त्यांची बरीच वर्षे गेली आहेत. संस्थेच्या इमारतीखालच्या पार्किंगमधील दोन जागा सामायिक मोटारींसाठी राखून ठेवाव्यात, असा नगररचनाकाराचा प्रस्ताव आहे आणि सचिवांना तो मान्य नाही.

नगररचनाकार : या प्रश्नाकडे रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीपेक्षा उभ्या असलेल्या मोटारीच्या बाजूने पाहिले पाहिजे. अमेरिकेतील नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की सर्वसाधारण मोटार तिच्या आयुष्यातील सुमारे ९५ टक्के वेळ एका जागी उभी असते. तिला उभे राहण्यापुरती साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा पुरते, परंतु तेथवर येण्याजाण्याची आणि वळण्याची वाट धरली तर भारतातील नियोजनाच्या प्रचलित मानकांनुसार हिशेब मोकळ्या पटांगणात २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटरवर जातो. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची धरलेली होती. म्हणजे ज्या शहरात घरासाठी जमीन पुरत नाही, त्याच शहरात दिवसाचे तेवीस तास स्वस्थ उभ्या राहणाऱ्या वस्तूला एका घराएवढी जागा दिली जाते, आणि ती जागा बांधण्याचा खर्च मोटार नसलेला सदनिकाधारकही आपल्या घराच्या किमतीतून भरतो.

सचिव : हिशेब खरा आहे, पण मोटार उभी असते म्हणून ती निरुपयोगी असते असे त्यातून निघत नाही. लागेल त्या क्षणी ती दाराशी असणे, हाच तिचा उपयोग. संस्थेतील निम्म्या घरांत वयोवृद्ध माणसे आहेत; रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले तर मोबाइलवर गाडी राखून ठेवण्याची वाट कोण पाहील? शिवाय, मॅडम, अनेकांनी वाटून घेतलेली मोटार या शहराला नवी नाही. रिक्षा म्हणजे दुसरे काय आहे? ती दिवसभरात कितीतरी कुटुंबांच्या उपयोगी पडते, तिला प्रत्येक दाराशी स्वतंत्र जागा लागत नाही, आणि वर ती एका चालकाचे घर चालवते. जे काम रिक्षा करतेच आहे, त्यासाठी चालक वगळलेली नवी व्यवस्था कशाला हवी?

नगररचनाकार : शहरातल्या शहरात जाण्यासाठी रिक्षा, बस आणि मेट्रो हीच साधने योग्य आहेत, आणि कार शेअरिंगने त्यांची जागा घ्यावी असा प्रस्ताव नाही. रात्रीच्या आजारपणात तर घाबरलेल्या नातेवाइकाने स्वतः गाडी चालवण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा चालक असलेले वाहन अधिक सुरक्षित. प्रश्न उरतो तो रिक्षा ज्यांना पुरत नाही अशा प्रवासांचा : वृद्ध आईवडिलांना आणि सामानाला घेऊन भोर-मुळशीकडच्या गावी जाऊन संध्याकाळी परत येणे, लग्नाच्या खरेदीसाठी दिवसभर चार ठिकाणी फिरणे, मुलाला वसतिगृहात सोडण्यासाठी गादीपेटीसह निघणे. असे दिवस वर्षातून थोडेच येतात, पण त्या थोड्या दिवसांसाठी कुटुंब मोटार विकत घेते आणि एकदा घेतली की भाजी आणायलाही तीच बाहेर काढते.

नगररचनाकाराचे हे शेवटचे वाक्य आर्थिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे आहे. मोटारीच्या खर्चाचे दोन भाग पडतात : गाडी वापरली न वापरली तरी होणारा स्थिर खर्च, म्हणजे घसारा, विमा आणि गुंतलेल्या पैशावरचे व्याज, आणि प्रत्येक किलोमीटरमागे वाढणारा चल खर्च, म्हणजे मुख्यतः इंधन. उदाहरणादाखल ८ लाख रुपयांची गाडी ८ वर्षे वापरून २ लाखांना विकली असे धरले, तर घसारा वर्षाला ७५ हजार रुपये येतो. विमा, देखभाल आणि व्याज यांचे मिळून ढोबळपणे आणखी ६५ हजार धरले तर वर्षाचा आकडा १ लाख ४० हजारांवर जातो. एखादे कुटुंब वर्षाला ६ हजार किलोमीटरच फिरत असेल तर पेट्रोलचा एक थेंबही जळण्याआधी प्रत्येक किलोमीटरला सुमारे २३ रुपये पडलेले असतात. हे २३ रुपये मालकाच्या नजरेला पडत नाहीत, कारण ते आधीच खर्च झालेले असतात. दारातून गाडी काढताना त्याला दिसतात ते फक्त पेट्रोलचे सात-आठ रुपये, आणि तेवढ्याची तुलना तो रिक्षाच्या मीटरशी करतो. अशा तुलनेत रिक्षा महाग आणि स्वतःची मोटार स्वस्त वाटणे अपरिहार्य आहे. कार शेअरिंगमध्ये हा सगळा खर्च तासाच्या आणि किलोमीटरच्या दरात उतरतो, त्यामुळे प्रत्येक प्रवासाची खरी किंमत प्रवासाच्या आधीच समोर येते आणि पायी, बसने, रिक्षाने की मोटारीने, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. सभासदाला पैशाचा लाभ होतो तो स्वस्त गाडी मिळाल्यामुळे नव्हे, तर अनावश्यक प्रवास गळून पडल्यामुळे.

सचिव : वर्षातून थोडेच दिवस गाडी लागते हे मान्य केले, तरी ते दिवस सर्वांचे एकच असतात. गौरी-गणपतीला कोकणात जायचे असते तेव्हा सगळ्यांनाच जायचे असते. दिवाळीत, मे महिन्यात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत हेच. दोन गाड्या आणि चाळीस कुटुंबे असतील तर अडतीस कुटुंबांना ऐन गरजेच्या वेळी नकार मिळेल, आणि ज्याला एकदा नकार मिळतो तो पुढच्या महिन्यात स्वतःची गाडी नोंदवतो.

नगररचनाकार : हा आक्षेप पूर्णतः दूर करता येणार नाही. सणाच्या दिवशी सामायिक गाडी अनेकांना मिळणार नाही. त्यांना एसटी, रेल्वे किंवा भाड्याची मोटार यांवर अवलंबून राहावे लागेल, आणि भाड्याची मोटार त्या दिवसांत महागही असेल. तरीही वर्षभराची बचत हाती असताना चार दिवसांचे चढे भाडे परवडते. जे कुटुंब रोज मोटारीनेच हिंजवडीला कामाला जाते, त्याने मात्र आपली गाडी विकू नये. ही व्यवस्था त्याच्यासाठी नाहीच. ती आहे महिन्यातून मोजके दिवस मोटार काढणाऱ्यांसाठी, दुसरी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी, आणि ज्यांचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो अशा, घरात मोटार असूनही ती हाती न येणाऱ्यांसाठी. एका मोटारीच्या घरात सकाळी ती कामावर जाते आणि रात्री परत येते. वाहन चालवण्याचा परवाना असलेली गृहिणी किंवा कॉलेजात जाणारी मुलगी तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. सामायिक मोटारीचे सभासदत्व व्यक्तीच्या नावाने असते, त्यामुळे दुपारी दोन तास गाडी घेण्यासाठी तिला घरात कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

सचिवांचा पुढील आक्षेप मालकीच्या भावनेचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. त्यांच्या मते जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते : जिन्यातला दिवा बंद पडला तर तो बदलायला कोणी पुढे येत नाही, मग गाडीतला कचरा कोण काढणार आणि दारावरचा ओरखडा कोण कबूल करणार? पॅरिसचे उदाहरण ते आपल्या बाजूने देतात. तेथे डिसेंबर २०११ मध्ये ऑटोलिब ही विजेवर चालणाऱ्या सामायिक मोटारींची मोठी योजना सुरू झाली. पुढे मळक्या आणि नादुरुस्त गाड्यांच्या तक्रारी वाढल्या, तोटा फुगत गेला, तो योजना चालवणाऱ्या कंपनीने सोसायचा की नगरपालिकांनी यावर वाद झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात योजना बंद पडली.

नगररचनाकार : पॅरिसची योजना बंद पडली हे खरे, पण तिची रचनाही पाहावी लागेल. ऑटोलिबची गाडी एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी सोडता येत असे. ती घेणारा आणि नंतर वापरणारा यांचा एकमेकांशी काही संबंध नसे, आणि शहरातल्या छोट्या प्रवासांत तिची स्पर्धा मेट्रोशी होती. याउलट स्वित्झर्लंडचा अनुभव आहे. झुरिकमध्ये १९४८ साली ज्यांना स्वतंत्र मोटार परवडत नव्हती अशा लोकांनी मोटारींची सहकारी संस्था काढली, आणि ती अनेक दशके टिकली. पुढे १९८७ साली त्या देशात दोन नव्या सहकारी संस्था निघाल्या, १९९७ मध्ये त्या एकत्र येऊन मोबिलिटी ही संस्था झाली, आणि आज तिच्याकडे सुमारे ३ हजार गाड्या आहेत. तेथे गाडी बहुतांशी जेथून घेतली तेथेच परत लावायची असते आणि अनेक थांबे रेल्वे स्थानकांशी जोडलेले आहेत, त्यामुळे लांबचा प्रवास आगगाडीने आणि शेवटचा टप्पा सामायिक गाडीने, अशी सांगड बसते. झुरिकमध्ये १९४८ ची ती संस्था निघाली त्याच सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा करत होते. सभासद हाच मालक, ही कल्पना महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही; ज्या संस्थेचे आपण सचिव आहात तीही १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालीच नोंदलेली आहे. जिन्यातला दिवा कोणी बदलत नसेल, पण पाण्याची टाकी वेळेवर धुतली जाते आणि लिफ्टची देखभालही होते, कारण त्यांसाठी वर्गणी, करार आणि जबाबदार माणूस ठरलेला असतो. गाडीसाठीही तेच करावे लागेल.

सचिव : मग कायद्याचे काय? खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात, आणि १९८९ च्या केंद्रीय योजनेनुसार असा परवाना हवा असेल तर किमान ५० मोटारी असाव्या लागतात. चाळीस सदनिकांच्या संस्थेने पन्नास मोटारी आणायच्या कोठून?

या आक्षेपापुढे नगररचनाकाराकडे तयार उत्तर नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतेही हा अडथळा खरा आहे. १९८९ ची योजना पर्यटकांना गाड्या पुरवणाऱ्या व्यावसायिकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. शेजाऱ्यांनी मिळून चार गाड्या बाळगण्याची कल्पना तिच्या कक्षेतच नव्हती. परिणामी भारतात हे क्षेत्र कंपन्यांच्या हाती राहिले : २०१३ साली बंगळुरूमध्ये झूमकारने स्वतः चालवण्याच्या गाड्या तासाच्या दराने द्यायला सुरुवात केली आणि नंतर इतर कंपन्याही आल्या, परंतु त्यांचा मुख्य ग्राहक सुट्टीच्या सहलीला निघालेला तरुण आहे, वस्तीतले कुटुंब नव्हे. जर्मनीने २०१७ मध्ये कार शेअरिंगसाठी स्वतंत्र कायदा करून सामायिक गाड्यांना रस्त्यावरील पार्किंगमध्ये सवलत व राखीव जागा देण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि अनेक संस्थांनी मिळून एक संघ स्थापन केला तर पन्नास गाड्यांची अटही गाठता येईल. पण छोट्या सहकारी गटांसाठी ही मर्यादाच खाली आणणे हा अधिक सरळ उपाय आहे आणि तो लवकर व्हायला हवा.

सचिव : कायदा बदलला असे धरू. तरी मूळ शंका उरतेच. ही पाश्चात्य आकडेवारी घरटी मोटार असलेल्या समाजाची आहे. पुण्यात असंख्य घरांत मोटार नाही, दुचाकी आहे. त्यांच्या दारात आपण सामायिक मोटार आणून उभी केली तर मोटार असलेला ती विकणार नाही, पण नसलेला मात्र चालवू लागेल. शहराला हा लाभ की नवा भार?

नगररचनाकार : या संवादातला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याची नोंद संशोधनातही सापडते. एलियट मार्टिन आणि सुसान शाहीन यांनी उत्तर अमेरिकेतील ६,२८१ सभासद-कुटुंबांची पाहणी केली. सभासद होण्यापूर्वी या कुटुंबांकडे सरासरी ०.४७ मोटारी होत्या, नंतर ०.२४ झाल्या, एका सामायिक गाडीमागे ९ ते १३ खासगी गाड्या कमी झाल्या, यात विकलेल्या आणि घ्यायच्या टळलेल्या अशा दोन्ही आल्या. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की बहुसंख्य सभासदांचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन किंचित वाढले, कारण पूर्वी त्यांच्याकडे मोटारच नव्हती; ज्या थोड्यांनी आपली मोटार सोडली त्यांच्याकडून झालेली घट इतकी मोठी होती की एकूण बेरीज घटीच्याच बाजूला राहिली.

सचिव : म्हणजे सगळी भिस्त त्या थोड्यांवर आहे.

नगररचनाकार : होय. आणि ते थोडे लोक आपणहून पुढे येत नाहीत; मोटार बाळगणे महाग किंवा अवघड असेल तेथेच ते पुढे येतात. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने, ज्याला मोटार घ्यायची आहे त्याला घरापासून ठरावीक अंतरात स्वतःची पार्किंगची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, आणि रात्री गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही. त्यामुळे टोकियोत मोटारीच्या हप्त्याबरोबर जागेचे मासिक भाडेही दिसते. तेथे सामायिक मोटारींची सर्वांत मोठी सेवा पार्क ट्वेंटीफोर या मुळात पार्किंगच्या जागा चालवणाऱ्या कंपनीने उभी केली, हा योगायोग नाही. ज्याच्या हाती जागा होती, त्याला तिचे मोल कळत होते.

येथे लेखकाला आपले मत स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते. कार शेअरिंगचे लाभ सांगताना बहुधा इंधन, प्रदूषण आणि सोय यांचा उल्लेख होतो. परंतु भारतीय शहरातील रहिवाशांना मिळू शकणारा सर्वांत मोठा लाभ मोकळ्या झालेल्या जागेचा आहे, आणि तो आपोआप मिळत नाही. सामायिक गाडी आली आणि खासगी गाडीची जागा फुकटच राहिली, तर सचिवांची भीती खरी ठरेल व शहरात मोटारींची भर पडेल. पुणे महापालिकेने २०१८ साली रस्त्यावरील सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, त्याला जोरदार विरोध झाला आणि अंमलबजावणी रखडली. हा विरोध समजण्यासारखा होता, कारण नागरिकांकडून पैसे मागितले जात होते आणि मोटारीऐवजी काय वापरायचे याचे उत्तर दिले जात नव्हते. भरवशाची बस, घराजवळची सामायिक गाडी आणि पार्किंगचे शुल्क ही तिन्ही एकत्र आली तरच प्रत्येकाला अर्थ आहे.

सचिव : संस्थेपुरते बोलायचे तर जागेचा प्रश्न आधीच नाजूक आहे. इमारतीखालची पार्किंगची जागा विकासकाला वेगळी विकता येत नाही, ती सर्व सभासदांच्या सामायिक वापराची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितले. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि त्या सभेत सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. त्यातून आणखी दोन जागा काढल्या तर काय होईल?

नगररचनाकार : न्यायालयाचा तो निर्णयच या प्रस्तावाचा आधार आहे. जागा सर्वांची असेल तर ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचाही तिच्यात वाटा आहे, आणि आजच्या चिठ्ठ्यांत तो वाटा शून्य आहे. दोन सामायिक गाड्यांमुळे संस्थेतल्या प्रत्येक प्रौढ सभासदाला त्या जागेचा काही उपयोग मिळतो.

यावर सचिव काहीसे नरमतात, परंतु दोन अटी घालतात. पहिली अशी की प्रस्ताव प्रथम एका वर्षापुरताच असावा आणि सर्वसाधारण सभेपुढे गाड्यांच्या वापराचा महिन्यावार तपशील ठेवला जावा. दुसरी अधिक कठोर आहे : सामायिक गाडी मिळाल्यामुळे ज्याने आपली मोटार विकली, त्याची रिकामी झालेली जागा दुसऱ्या सभासदाच्या दुसऱ्या मोटारीला देऊ नये, नाहीतर संस्थेतल्या मोटारींची संख्या आहे तितकीच राहील आणि दोन सामायिक गाड्या वर येतील. ती जागा सायकलींना, मुलांच्या खेळाला किंवा वृद्धांच्या बसण्याला जावी, आणि तसे ठरावात लिहिलेले असावे.

नगररचनाकाराला दोन्ही अटी मान्य आहेत. किंबहुना दुसरी अट मूळ प्रस्तावात नव्हती ही त्यातली उणीव होती, असे ती म्हणते. आपल्या बाजूने ती तिसरी अट सुचवते, की चिठ्ठीत जागा न मिळालेल्या सभासदाने आपली गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर लावू नये. सचिव ती स्वीकारत नाहीत. संस्थेचा ठराव फाटकापर्यंतच चालतो, असे त्यांचे उत्तर आहे. फाटकाबाहेरचा रस्ता महापालिकेचा आहे, आणि तेथे गाडी लावायला जोवर एक पैसाही पडत नाही, तोवर सभासदाला अडवण्याचा अधिकार सचिवाला नाही आणि अडवण्याचे धैर्य महापालिकेने आजवर दाखवलेले नाही. दोन जागांचा ठराव ते पुढील सभेत मांडतील. तिसरी अट नगररचनाकाराने महापालिकेकडे न्यावी, असे ते सुचवतात.